जनी, देवाची लेक

जनी आरोग्य उपकेंद्राच्या बाकावर कधी बसत नसे. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली की पायरीखाली उकिडवी बसायची आणि बाकीच्या बाया गेल्यावर वर यायची. मी सूर्यमाळला नर्स म्हणून नवीनच होते. "आत ये ना," म्हटलं तर म्हणाली, "नको, सिस्टर. मी आत आली तं दुसरी कोणी येयाची नाय."

तिच्या पुतण्याचं पोर तापानं गेलं तेव्हा भगतानं करणी केली म्हणून तिचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून ती पाड्याची भुताळी. नवरा वीटभट्टीवर गेला, तो तिकडचाच झाला. एकुलत्या लेकीला, सुरेखाला, सासरचे तिच्याकडे फिरकू देत नसत. वाईट हे, की जनीलाही ते पटलं होतं. "इतकी माणसं बोलतात, तं असंल काही माझ्यात. मनाच ठावं नसंल."

मग ओळखीच्या एका बाईबरोबर ती मोखाड्याला प्रार्थनेला गेली. पत्र्याची खोली, वीसेक माणसं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत पायरी चढून आली. "सिस्टर, भात मी रांधला. सगळ्यांनी खाल्ला. एका म्हातारीनं तं परत मागून घेतला." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "ते सांगतात, येशू मना लेक म्हणतो. मी इचारलं, लोकं मना काय म्हणतात ते त्याला ठावं हाय का? तं म्हणले, ठावं हाय, तरी म्हणतो."

त्यानंतर दर रविवारी ती जायची. जीपमध्ये कोणी शेजारी बसू दिलं नाही तर पायी. आता ती बाकावर बसू लागली. बाया उठून जात, ती बसून राही. "उठू दे. देवाची लेक हाय मी. लेकीनं का म्हून भुईवर बसावं?"

सुरेखा बाळंतपणासाठी उपकेंद्रात आली तेव्हा जनी धावत आली आणि तिनं लेकीचा हात धरला. सासू दारातूनच म्हणाली, "ही आत राहिली तं आम्ही सुनेला घरी नेतो." मूल अडलं होतं, रुग्णवाहिकेचा पत्ता नव्हता. मी घाबरले. "जनी, तू बाहेर जा," म्हटलं. सुरेखा ओरडत होती, "आईला राहू द्या!" जनीनं आपला हात सोडवून घेतला आणि ती बाहेर उन्हात जाऊन गुडघ्यांवर बसली.

मूल मेलेलंच जन्मलं. दोष जनीच्या माथी आला.

पुढच्या वेळी ती पुन्हा पायरीखाली बसली. "बाकावर बस गं," मी म्हटलं. "आज नको." मग म्हणाली, "येशूला पण मारायला गावाबाहेरच नेला होता, सिस्टर. त्याला समजंल." मला मात्र ती एका शब्दानं बोलली नाही. प्रार्थनेला जात राहिली, पण तिचं हसणं गेलं ते गेलंच.

उन्हाळ्यात विहिरीच्या वाटेवर तिला अर्धांगाचा झटका आला. जव्हारच्या दवाखान्यात प्रार्थनेची माणसं आळीपाळीनं तिच्याजवळ बसत. मी गेले तेव्हा अर्ध्या तोंडानं म्हणाली, "सुरेखा?"

"निघालीय," मी खोटंच सांगितलं.

"नाय येयाची." मग म्हणाली, "मी त्याची हाय. पुरं तेवढं." तेवढं पुरलं का, कोण जाणे. डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

प्रार्थनेच्या माणसांनीच तिला माती दिली. पाड्यातून कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी सुरेखा एकटीच, घरी न सांगता, माझ्याकडे आली.

"आई तशी नव्हती ना, सिस्टर?"

"नव्हती. कधीच नव्हती."

"तुम्हाला तवा पण ठावं होतं?"

"हो."

"मग तिला बाहेर का काढलं?"