तीन प्रश्नचिन्हं, मग चार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. आत, कागदांच्या गठ्ठ्यांमागे, एक टेबल, एक जुना संगणक आणि जुळारी. तरुणपणी ते छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे, म्हणून जुळारी. छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, नाव तेवढं मागे राहिलं.

लोक त्यांच्याकडे मोडकी अक्षरं घेऊन येतात. ईमेल उघडावा तर अक्षरांच्या जागी चौकोन, नाहीतर परक्या चिन्हांचा गिचमिड काला. जुळारी चष्मा कपाळावर चढवतात, पडद्याला जवळजवळ नाक लावतात आणि डॉक्टरच्या थाटात सांगतात, "घाबरू नका. 'प्र'चा पाय मोडलाय."

"बरा होईल ना हो?" वहिनी मशीनजवळून विचारतात.

"तुमच्या मशीनच्या आधी होईल."

त्यांच्या हिशेबी रोग तीनच. चौकोन दिसले तर अक्षर शाबूत आहे, फक्त या यंत्राकडे त्याचा चेहरा नाही. फॉन्ट घातला की झालं. काला दिसला तर अक्षर चुकीच्या पद्धतीने वाचलं जातंय. पद्धत बदलली की ते ओळखू येतं. तिसरा रोग प्रश्नचिन्हांचा. वाटेतल्या एखाद्या जुन्या प्रोग्रामला आपली लिपी कळली नाही, की तो प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो आणि मूळ खूण फेकून देतो. "ते अक्षर आता कुठेच नसतं," जुळारी सांगतात. एरवी चेष्टा करणारे ते, हे सांगताना मान वर करत नाहीत.

मागच्या वर्षी मी त्यांच्यासमोर बसले, ती याच तिसऱ्या रोगाचा कागद घेऊन.

माझी मुलगी नोकरीसाठी लांब एकटी राहते. जाताना आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी म्हणाले, "तुझं तू बघ." ती म्हणाली, "बघीन. आणि फोन करू नकोस, काही असलं तर मीच लिहीन." दोन महिने तोंडं फिरवून झाल्यावर मीच कचेरीतून तिला ईमेल केला, सुट्टीला येतेस, की मी येऊ? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:

??, ??? ????.

एवढंच. पुन्हा पाठव म्हणून लिहिलं, उत्तर नाही. शेवटी मानापमान गुंडाळून फोन केला, तर तो बंद. दोन दिवस बंद. तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं असतं तर ते सुखरूप पोचलं असतं. पण आपली भाषा परक्या अक्षरांत लिहायची नाही, हे लहानपणापासून तिच्या डोक्यात मीच भरवलं होतं.

जुळारींनी कागद हातात घेतला. "मोजता येतं," ते म्हणाले. "काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, मोडलेला पायसुद्धा वेगळा. प्रत्येकाला एक प्रश्नचिन्ह. स्वल्पविराम तेवढे धडधाकट येतात. पहिली दोन म्हणजे 'आई'."

"ते मलाही कळलं हो. पुढे काय?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"मी सांगते," मी म्हणाले. रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. "'येत नाही.' य, त्यावर मात्रा, त. तीन. 'नाही'चे चार. बसतं ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "बसतं," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो, असं मोजू नका."

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चार घड्यांचा कागद. घड्यांवर तो इतका झिजला होता की मागून चिकटपट्टी लावली होती. त्यावर छापलं होतं:

????, ??? ????.

"माझ्या मुलीचा. सासरहून. अकरा वर्षं झाली. मी विचारलं होतं, सुट्टीला येतेस का. पहिली चार म्हणजे 'बाबा'. पुढचं मी तुमच्यासारखंच वाचलं. येत नाही. मलाही राग आला. म्हटलं, नको तर नको."

वहिनींनी मशीन थांबवलं होतं.

"नवव्या दिवशी तिच्या शेजारणीचा फोन आला. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या मेलपेटीत मूळ अक्षरं असणार, पण सासरच्यांनी ती उघडून दाखवली नाही. पुढे कधीतरी शाळेच्या नाटुकल्याची प्रत टाइप करत होतो. त्यातली पोर बापाला म्हणते, 'मला न्या.'" त्यांची बोटं टेबलावर हलली, जणू खणांतून खिळे उचलत होती. "म, ल, काना. न, मोडलेला पाय, य, काना. तीन आणि चार."

मी कागदाकडे बघत राहिले. त्यावर काहीच बदललं नव्हतं.

"तुमचा कागद मी वाचणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही जा. आज निघा. आधी पोचा, मग वाचा."

मी त्याच दिवशी निघाले.

तिच्या खोलीचं दार खूप वेळाने उघडलं. केस विस्कटलेले, ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. पाच दिवसांचा ताप. फोन पाण्याच्या बादलीत पडून मेलेला. दाराला धरून उभी राहत ती म्हणाली, "तू कशी आलीस? मी तर येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं."

"का गं?"

"मला अशी बघून तू बोलली असतीस ना. बघ, तुझं तुला बघता येत नाही म्हणून."

बोलत होती, आणि माझा हात सोडत नव्हती.

अक्षरं धड पोचली असती तर मी गेले नसते. फुरंगटून घरीच बसले असते, नको तर नको म्हणत. आता ती ठणठणीत आहे, तिचे मेलही नीट दिसतात. तरी प्रत्येक ओळ मी आधी मोजते, मग वाचते. 'मी मजेत आहे' मध्ये तरी दुसरं काय मावतं, याचा विचार करत बसते.

परत आल्यावर जुळारींना तोंड दाखवायचं माझ्या जिवावर आलं होतं. विचारलंच तर काही उलगडलं नाही म्हणून सांगायचं, असं ठरवून दुकानात गेले.

"ताप होता," मी म्हणाले. "आता बरी आहे."

"वाचलीत, बाई," ते म्हणाले. मग पाकिटातला आपला कागद काढून टेबलावर उलगडत, "काय होतं त्यात?"

ठरवलेलं खोटं तोंडातून निघेना. "'येऊ नकोस.'"

त्यांची बोटं टेबलावर चालू लागली. य, मात्रा, ऊ. न, क, काना-मात्रा, स. "बसतं," ते पुटपुटले. हेही बसतं, हे अकरा वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं, ते मला दिसत होतं. त्यांच्या मुलीने कदाचित बोलावलंच नसेल. कदाचित यांना नकोच म्हटलं असेल. क्षणभर त्यांचे खांदे सैल पडले.

मग बोटं थबकली.

"माझी मला 'तुम्ही' म्हणायची," ते म्हणाले. "येऊ नका. तीन, आणि तीनच." एक बोट टेबलावर तसंच टेकलेलं राहिलं. "नाही बसत."

त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या, तो पाकिटात घातला. तेवढ्यात एक बाई फोन पुढे धरून लगबगीने आत आली. "अहो जुळारी, बहिणीचा मेल आलाय आणि बघा ना, नुसते चौकोनच चौकोन!"

"चौकोनच आहेत ना?" जुळारींनी मान वर न करता विचारलं. "नीट बघून सांगा."

"हो हो, चौकोनच."

"मग काही गेलेलं नाही," ते म्हणाले, आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.