तणसातले चार टायर

साकोलीच्या हायवेवरच्या टायरच्या दुकानात मी चांगला अर्धा तास उभी होते. माझ्यामागून आलेल्या दोन गिऱ्हाइकांचं काम झालं, त्यांचा चहा झाला, आणि मग दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, साहेब नाही आले काय?"

म्हटलं, "टायर मला पाहिजेत. साहेबांना नाही."

"तसं नाही मॅडम, टायरचं जरा टेक्निकल राहते. साहेबांले पाठवून द्या, मी त्यांना समजावून सांगतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा, भला माणूस आहे, पण गाडी पंक्चर झाली की तो बोनेट उघडतो. त्याला काय समजावता, कपाळ! मी मोहाडीच्या मोटार मेकॅनिकची मुलगी. बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरलेलं. गावातल्या पोरी सायकलवर बसल्या तरी लोक वळून पाहत, तेव्हा मी दोन सीटची लाल स्पोर्ट्स गाडी तलावाच्या रस्त्यानं पळवत होते. हे सगळं त्या माणसाला सांगितलं असतं, पण त्याचा फोन वाजला आणि तो पुन्हा माझ्याकडे पाठ करून बसला. मी निघून आले.

टायर पाहिजे होते त्याच लाल गाडीला. तुमसरकडच्या खाणीतला एक गोरा अधिकारी ती बिघडलेली म्हणून बाबांच्या गॅरेजात ठेवून गेला होता. मायदेशी जाताना कागदही बाबांच्याच नावानं करून गेला. तारांची चाकं, कापडाचं छत, आणि बसलं की रस्ता बुडाला लागतो की काय असं वाटायचं. आमच्या धानाच्या मुलखात त्या गाडीचा उपयोग शून्य. तिच्यात ना पोतं मावत होतं, ना बकरी. बाबांचा मात्र जीव की प्राण. पुढं तिचे टायर गुळगुळीत झाले, मग फुटले, आणि गेली कित्येक वर्षं ती गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

आता बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत आणि त्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उरलेली नजर फार तर दिवाळीपर्यंत. बाबा रडले नाहीत, काही नाही. मला फोन करून एवढंच म्हणाले, "बाई, डोळे जायच्या आंदी एक डाव गाडी माया हातानं चालवून पायतो. तलावापर्यंत. मंग डोळे गेले तं गेले."

मी म्हटलं, "चालवाल बाबा. टायर मी आणते."

"तेवढं मातर लवकर कर," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं तर टायर माहेरीच होते, आणि माझा पहिला राग तोच होता. त्याच शेडच्या माळ्यावर तणसात, धानाच्या त्या वाळल्या पेंढ्यात, बारदान्यात गुंडाळलेले चार कोरे टायर मी कित्येक वर्षांपासून पाहत होते. गाडी खाली ठोकळ्यांवर, आणि तिचे नवे टायर तिच्याच डोक्यावर! दर वेळी माहेरी गेले की मी भांडायची, "बाबा, हे काहून लावत नाही तुमी?" आणि दर वेळी एकच उत्तर, "राहू दे. त्याईले हात नको लाऊ." आमच्या लोकांची ही खोडच आहे. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप सणासाठी, आणि चांगले टायर कुणासाठी, देव जाणे. आता तर ते लावण्यात अर्थच नव्हता. रबर चालून झिजतं त्यापेक्षा जास्त पडून मरतं, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

मग नागपूरला गेले. तिथल्या दुकानदारानं निदान साहेब विचारले नाहीत. मी फोनवर गाडीचा फोटो दाखवला, तेरा इंचाची रिम सांगितली, अरुंद टायर पाहिजे म्हणाले. तो म्हणतो, "अरुंद कायले मॅडम? हे रुंदवाले टाका. गाडी एकदम वाघीण दिसेल."

"वाघिणी नागझिऱ्याच्या जंगलात पुष्कळ आहेत. हे वळताना मडगार्डला घासतील."

"मग मडगार्ड जरासं कापून टाकू."

कापून टाकू! जणू वांगंच कापायचं होतं. मी मोठा श्वास घेतला आणि म्हटलं, ट्यूबसुद्धा पाहिजेत. तो हसला. "आता सगळं ट्यूबलेस राहते मॅडम." अहो, तारांचं चाक आहे, एकेका तारेच्या भोकातून हवा निघून जाईल, ट्यूब नसली तर गाडी दुकानाच्या बाहेरसुद्धा पडणार नाही, हे मला त्याला सांगावं लागलं. तो, टायर विकणारा, आणि मी, सातवीला भूगोल शिकवणारी! शेवटी त्यानं एक टायर आणून आपटला. काळाभोर, आरशासारखा. मी खाली बसले, पदरानं पॉलिश पुसलं आणि बाजूचे चार आकडे वाचले. कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते त्यात असतं. सहा वर्षांचा म्हातारा.

"नवाच आहे मॅडम, एक किलोमीटर चालला नाही."

"न चालता मेला आहे," मी ओरडले. दुकानातली सगळी माणसं पाहायला लागली. पाहू दे! माझा बाप अर्ध्या डोळ्यांनी या टायरांवर गाडी चालवणार होता. मालक तोंड पाडून आत गेला आणि गोदामातून चार अरुंद टायर घेऊन आला, याच वर्षीचे, सोबत ट्यूब. मी चारही टायरचे आकडे वाचले, मगच गाडीत टाकू दिले.

मोहाडीला पोचले तर दारातच लहान भाऊ. "ताई, हे कायले आणले? वर तं नवे हायेत ना!"

झालं. दोन दुकानांचा राग होता तो सगळा बाहेर आला. मी माळ्यावर चढले आणि ते चारही टायर बारदान्यासकट खाली ढकलले. अंगणात धुळीचा लोट उठला. बाबा खाटेवर बसले होते. मी एक बारदाना फाडला, टायर दोन्ही हातांनी दाबला, आणि त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. अंगठा जाईल एवढ्या भेगा पडल्या. "पाहा बाबा! पाहा तुमचं नवं! काय केलं तुमी याचं? शेतात डुकरं हाकलायला जाळून टाका हे!"

बाबा शांतपणे म्हणाले, "तुयेच हायेत. जाळ तं जाळ."

"माझे? ते कसे?"

त्यांचा हात टायरवर काहीतरी शोधत होता. मी तिथलं तणस झटकलं. रबरावर वाळून काळपट झालेली पाच बोटं होती. हळदीची. त्यांच्यावर कुंकवाचा एक ठिपका. आईची बोटं.

लेकीला आंदणात द्यायच्या भांड्यांना, कपाटाला, पलंगाला आमच्याकडे हळदकुंकू लावतात. आणि एकदा लेकीच्या नावानं काढलेली वस्तू बापाच्या घरी वापरत नाहीत. वाटीसुद्धा नाही.

मला तो मांडव आठवला. बाबा सासऱ्यांना म्हणाले होते, "पोरगी गाडी चांगली चालवते, गाडी तिच्यासंगं देतो." सासरे मोठ्यांदा हसले. "सुनेले गाडी कायले? लोक आमाले हासतील. राहू द्या तुमच्याकडंच." सगळा मांडव हसला. आणि मी? जिची जीभ आज कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती मी मान खाली घालून हातातला चुडा मोजत बसले. गाडीला नवे टायर घेऊन ठेवले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग गाडी ठोकळ्यांवर उभी केली, पण हे लावले नाहीत?" मी विचारलं.

"तुये टायर मी कसे लावीन?"

"मला सांगायचं तरी होतं!"

"तुया घरी कटकट झाली असती. म्हटलं, मागन एखांद्या दिवशी." बाबांनी हात टायरवरून काढून घेतला. "तू मागतलीच नाही."

मला इतका संताप आला की काय सांगू. सासऱ्यांचा, ते आता नाहीत. हसलेल्या मांडवाचा. बाबांचा, इतकी वर्षं गप्प बसण्याचा. सगळ्यात जास्त माझा. दुकानात साहेबांचं नाव काढलं म्हणून मी फणकारत निघून येते, आणि जिथं एक शब्द बोलायचा होता तिथं माझी दातखीळ बसली. मी अंगणातच फतकल मारून बसले आणि रडले. भाऊ पाणी घेऊन आला, त्याच्यावरही ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं आणि मी गाडीचं इंजिन सुरू करून पाहिलं, ब्रेक नीट केले आणि नवे टायर चढवले. गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरली. बाबांना धरून आणलं. पण ते दाराशीच थांबले. "लेकीनं घेतलेले टायर माया गाडीले चालत नाहीत. बाप लेकीचं घेत नाही."

"बाबा!" मी पुन्हा भडकणार होते.

"आयक तं. टायर तुये. मंग गाडी बी तुयीच कर. तवाच द्यायची होती." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग चाचपडत गाडीचं दार धरलं, आणि मुलाखतीला आलेल्या पोरासारखे अवघडून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुयी गाडी एक डाव चालवू काय?"

मी किल्ली परत त्यांच्या हातात ठेवली, त्यांना बसवलं आणि शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवला. भाऊ मोटरसायकलवर पुढं निघाला, रस्ता मोकळा करत. तलावाच्या सरळ रस्त्याला लागल्यावर बाबांनी विचारलं, "डाव्या बाजूले काय हाये?"

"धान आहे बाबा. लोंबीवर आलं आहे."

"आन तू?"

"मी इथंच आहे. सावकाश चालवा," मी म्हटलं. "माझी गाडी आहे."