पाचाच्या एसटीपर्यंतचे विषय

एका विषयावर टिक करायला काय जात होतं गं तुझं, अक्का?

एक. फक्त एक. फॉर्म तुझ्या हातात, पेन तुझ्या हातात.

आज तुला जाऊन वर्ष झालं, तरी माझं भांडण अजून तिथंच अडकलंय.

सांगवीला तुझ्या घरी आत्ता वर्षश्राद्धाची पानं वाढली असतील. मी ओडिशात, खाणीवर, पोकलेनच्या केबिनमध्ये. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, बहीण गेल्या वर्षीच गेली ना, मग आता जाऊन काय करणार?

खरंच, काय करणार?

हे वाचणाऱ्यांत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अक्का म्हणजे सुनंदा, माझी थोरली बहीण. शेळगावच्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली. मी सातवी नापास. आमच्यात तेवढंच अंतर होतं, आणि ते लई होतं.

नव्वदीतली गोष्ट. ती बारामतीला आर्ट्सला. तास दुपारच्या आत संपायचे आणि गावाकडची एसटी पाचाला.

मधल्या वेळात पोरीनं जायचं कुठं? स्टँडवर थांबलं की टवाळ पोरं. मग ती जो वर्ग उघडा दिसेल त्यात मागच्या बाकावर जाऊन बसायची. इतिहास झाला, अर्थशास्त्र झालं, मानसशास्त्र झालं. एकदा सायन्सच्या बॉटनीत जाऊन बसली.

सर म्हणाले, "तू आर्ट्सची ना?"

"व्हय सर."

"मग इथं काय करतेस?"

"पाचाची एसटी हाय, सर."

"बस मग. पण झोपायचं नाही."

झोपली असतीस तर बरं झालं असतं, अक्का.

तू झोपली नाहीस. ऐकत बसलीस. आणि घरी येऊन ते सगळं आमच्यावर ओतलंस.

आमचे वडील, तात्या, वैतागायचे. आमच्यात आधी मेंढरं होती, रात्री वाघरीत म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडायची, त्यामुळं तात्यांचं बोलणं तिथूनच यायचं. "आरं, मेंढरू दिसभर धा रानात तोंड घालतंय, पर सांजच्याला एका वाघरीत येतंय. ह्या पोरीची वाघर कंची?"

तू हसायचीस. "तात्या, माझी वाघर एसटी."

एका उन्हाळ्यात मी कामावरून सुट्टीवर आलो तेव्हा आपण पळसदेवला आत्याकडं गेलो होतो. धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलं होतं. मी म्हणलं, चल, दर्शन घेऊ.

तू दर्शन घेईनास. दगडावरचं वाळलेलं शेवाळ नखानं खरवडलंस. गाळाला पडलेल्या भेगा दाखवल्यास. खांब कुणाच्या काळातला ते सांगितलंस. मग हळूच म्हणालीस, "आत्याकडं बघ. धरणात गेलेलं तिचं जुनं घर ह्याच बाजूला व्हतं. ती तिकडं पाठ करून बसलीय."

मी बघितलं. खरंच पाठ करून बसली होती.

"एका देवळात एवढे विषय हायत, बाळू. मी कुठला सोडू?"

 

मग तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडायची वेळ आली. मी तेव्हा कच्छात, रस्त्याच्या कामावर. शेजारच्या किराणा दुकानात तुझा फोन आला. बारामतीच्या एसटीडी बूथवरून.

"बाळू, उद्या शेवटची तारीख हाय. स्पेशल कुठला घेऊ?"

"मला काय इचारतीस? मी सातवी नापास."

"म्हणूनच इचारते. तुला कुठल्याच विषयाचा लळा न्हाय."

"भूगोल घे."

"आन् मानसशास्त्र?"

"मग ते घे."

"आन् इतिहासाचं काय करू?"

"अक्के, मीटर पळतोय!"

"माझा पळतोय, तुझा न्हाय."

आणि फोन कट. पैसे संपले का तू ठेवलास, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

फॉर्म कोराच राहिला. तारीख गेली, वर्ष गेलं. तात्या म्हणाले, बास झालं कॉलेज. पुढच्या लगीनसराईत तू सांगवीची सून झालीस.

त्यावरून आपण आयुष्यभर भांडलो. मी म्हणायचो, एक धरलं असतंस तर आज मॅडम असतीस. तू म्हणायचीस, "तू तरी कुठं एक धंदा धरलास? बेकरी सोडली, डंपर सोडला, क्रेन सोडली."

बरोबर होतं ते. पण मला सोडता तरी आलं. तुला तेही येत नव्हतं.

तू गेलीस तेव्हाही मी वेळेत पोचलो नाही. आलो तो सावडायच्या दिवशी. राख गरम होती की गार, तेही आठवत नाही.

काल तुझ्या अश्विनीचा फोन आला.

"मामा, उद्या ॲडमिशनची शेवटची तारीख हाय. मेजर कुठला घेऊ?"

अक्का, आवाज तुझाच. मी मशीन बंद केली.

"मेजर म्हणजे?"

"मुख्य विषय. पण आता त्याच्याबरोबर बाकीचे पण घेता येतात, मामा. आर्ट्सवालीला बॉटनी पण चालतंय."

"चालतंय?"

"उलट दुसऱ्या शाखेचा एक घ्यावाच लागतो."

घ्यावाच लागतो, अक्का. ऐकतेस का? आता मी कुणाशी भांडू?

म्हणलं, पोरी, स्कूटी घेऊन देतो, तास संपले की घरी येत जा. तर म्हणाली, "नको मामा. एसटीचा पास काढते. आई म्हणायची, कॉलेज बघायचं तर दुपारचं बघ."

"आणि मेजर, मामा?"

मी केबिनची काच पुसत बसलो.

"मामा, आहेस का?"

आहे गं. पण मला माहीत नाही. मला आजही एवढंच येतं की भूगोल घे.

अश्विनी, तू हे वाचशील. कुठल्याही एकावर टिक कर. चुकली तर चुकू दे. पण आज कर.

अक्का, तुझ्या फोटोला हार घालायला मी नाही. भावपूर्ण वगैरे लिहायला मला जमत नाही.

पोरीची फी आणि एसटीचा पास मिळून पाठवतोय. आठ हजार सहाशे.