सर्व्हरचा पासवर्ड सर्व्हरच्याच पोटात

शाळेच्या सर्व्हरला मी पासवर्ड घातला आणि तो विसरू नये म्हणून त्याच सर्व्हरवरच्या एका फाइलीत लिहून ठेवला.

यातली चूक तुम्हाला एका वाक्यात कळली असेल. मला एक रात्र आणि अर्धा दिवस लागला, आणि शाळेतला संगणक शिक्षक मी आहे.

सर्व्हर म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हे. ऑफिसच्या मागच्या खोलीत, चटया आणि लेझमांच्या शेजारी एक काळा डबा घुमत असतो, तो. पोरांचे दाखले, गुण, हजेरी, सगळं त्यात. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी जी निळी पाटी उघडते तिला बायोस म्हणतात. यंत्रानं उठायचं कधी, कुठल्या डिस्कवरून, कुणाला विचारून, हे तिथं ठरतं. त्या पाटीवर शहाण्या माणसानं जाऊ नये. मी गेलो.

कारणही थोर होतं. आमच्या जिल्ह्यात पासवर्ड कुणाला विचारावा लागत नाही. तुळजापूरच्या देवीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. माणूस अणदूरकडचा असला तर खंडोबा, एक-दोन-तीन. आमचं अख्खं ऑफिस या दोन दैवतांच्या भरवशावर चालायचं. म्हटलं, विसाव्या शतकातून या लोकांना बाहेर काढायला कुणीतरी हवं. मग बायोसमध्ये दोन गोष्टी केल्या. वीज गेली आणि परत आली की सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, ही पहिली. सुरू होताना त्यानं पासवर्ड मागावा, ही दुसरी. चौदा अक्षरी पासवर्ड, त्यात आकडे, चिन्हं, मध्येच एक उलटी रेघ. एकदा टाकून पाहिला, चालला. फाइलीत उतरवला. स्टाफरूममध्ये चहा घेताना सुरक्षेवर चार वाक्यं बोललो, तीही कुणी न विचारता.

रात्री वीज गेली. पहाटे आली. सर्व्हर सांगितल्याप्रमाणं आपोआप उठला आणि सांगितल्याप्रमाणं दारात आडवा उभा राहिला. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला वीस वर्षांत मिळाला नव्हता.

अकराच्या सुमारास बेंबळीच्या पुढच्या शिवारातून एक शेतकरी मोटारसायकलवर आला, मागं त्याची मुलगी. आमच्याकडूनच दहावी झालेली. लातूरच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं आणि टीसी दाखवायचा तो शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद. टीसी नाही तर जागा पुढच्याला.

"टीसी निघंस्तवर बसतो," मुलीचे वडील म्हणाले. मग आवाज उतरवून, "सर, ही डॉक्टरचं नको म्हणती. कंप्युटरचं शिकायचं म्हणती, तुमच्यावानी. कसं राहील ओ?"

मी ताठ झालो. पुढचं जग कंप्युटरचंच आहे, असं काहीसं म्हणालो आणि ऐटीत मागच्या खोलीत शिरलो. बापलेक कौतुकानं मागोमाग आले.

स्क्रीनवर पासवर्ड मागणारी चौकट होती. मी म्हटलं, थांबा, पासवर्ड फाइलीत आहे. मग फाइल कुठं आहे ते आठवलं.

तीन वेळा चुकलं की यंत्र बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दोनदा चुकलो. मुलीचे वडील म्हणाले, "देवीचं नाव टाकून बघा की."

मी तुच्छतेनं हसलो. मग टाकून पाहिलं. यंत्र बंद पडलं.

"काय करूलालाव सर?" दारातून मोठे बाबू. हे आमचे हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"तांत्रिक अडचण आहे."

"कुणी घातली?"

मी वायर तपासायला खाली वाकलो. टीसी किती वाजेपर्यंत दाखवायचा ते वडिलांना विचारून बाबू निघून गेले.

विसरलेल्या पासवर्डावर उपाय असतो. यंत्राच्या पोटात रुपयाएवढा एक सेल असतो, बायोसची आठवण त्याच्यावर जगते. तो काढून थोडा वेळ थांबलं की यंत्र सगळं विसरतं. वायर काढली, झाकण उघडलं. आत पालीची दोन अंडी होती, ती मुलीनं कागदावर घेऊन बाहेर ठेवली. सेल काढून आम्ही तिघं त्या उघड्या डब्याकडं बघत बसलो. मयताला बसल्यासारखं.

सेल बसवला. पासवर्ड गेला होता. त्याच्याबरोबर बाकीचंही गेलं होतं, कारण सगळं विसरायचं म्हणजे सगळंच. आता डिस्क कुठाय तेही त्याला ठाऊक नव्हतं. डिस्कचं सेटिंग आधी काय होतं, ते मी कुठं लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर सर्व्हरवरच लिहिलं असतं. एकेक बदलून पाहिलं. तिसऱ्या वेळी लागलं. मुलगी हसली, वडिलांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता.

टीसी छापला. फुंकर मारून, जणू पेढा देतोय अशा थाटात वडिलांच्या हातात ठेवला. त्यांनी तो लेकीला दिला. ती वाचता वाचता थांबली.

"सर, तारीख."

सेल काढला की घड्याळही मागं जातं. छापील दाखल्यानुसार मुलगी दोन महिन्यांची असताना दहावी उत्तीर्ण होऊन शाळा सोडून गेली होती. वर्तणूक चांगली. प्रगती समाधानकारक.

"दोन मिनिटं, तारीख बदलतो, दुसरा काढू."

"राहू द्या," मोठे बाबू म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. हातात कोऱ्या दाखल्यांच्या जुन्या पुस्तकातून फाडलेला दाखला, निळ्या शाईनं, टपोऱ्या अक्षरात, खाली शिक्का आणि हेडसरांची सही. "तुम्ही सेल काढून बसला होता तवाच रजिस्टर बघून लिहिला. हेडसर जेवाय गेलते, सहीला घरी जावं लागलं म्हणून उशीर."

वडिलांनी दाखला दोनदा वाचला, पिशवीत घातला, बाबूंना हात जोडले. मलाही जोडले, जरा घाईत. मोटारसायकलला किक मारली. मुलगी मागं बसली. आता कंप्युटरचं काय ते विचारतील म्हणून मी पायरीवर उभाच होतो.

ते मान वळवून लेकीला म्हणाले, "बाई, तू डॉक्टरचंच बघ. ह्यांच्यावानी व्हायचं असंल तर लातूरला कशाला जायचं, हितंच बसून व्हता येतंय."