खिडकी क्रमांक चारची रजा

लीलावतीबाई मोहरीलांनी पहिल्याच दिवशी माझ्या वेबसाइटला नावं ठेवली आणि मी भडकलो. भडकणं माझ्या रक्तातच आहे, बायको सांगेल. पण तुम्हीच सांगा, भोपाळमधल्या आमच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपसाठी सहा महिने खपून मी ती केली होती. पहिल्या पानावर अध्यक्षांचा हसरा फोटो, त्याखाली त्यांचा संदेश, वर सरकणाऱ्या लाल सूचना, आणि नंबर घातलेले एकोणीस अर्ज. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"अरे विश्वास, दिसतंय छान. पण माणूस कशासाठी आलाय, ते कुठे विचारलंय तू?"

बाई ऑफिसात खिडकी क्रमांक चारवर बसायच्या. निवृत्त कामगारांचं मेडिकल कार्ड दर नोव्हेंबरात नवं करावं लागतं, नाहीतर दवाखान्यातून औषध मिळत नाही. सव्वीस वर्षं ते काम बाईंकडे होतं. खिडकीशी भांडायला आलेला माणूस जाताना त्यांना नातवाचा फोटो दाखवून जायचा. एवढं गोड बोलून एवढं भरभर काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता पंचाईत अशी, की नोव्हेंबरातच तुळशीचं लग्न उरकतं आणि लग्नसराई सुरू होते. बाईंचं माहेर अमरावतीचं. भावाचं लग्न नोव्हेंबरात, धाकट्या बहिणीचं, सिंधूचंही नोव्हेंबरात, आणि बाई दोन्ही वेळा खिडकीत! आता सिंधूच्या मुलीचं, मीनाचं लग्न एकवीस नोव्हेंबरला ठरलं होतं. बाईंनी रजेचा अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, "अठरा तारखेपर्यंत निम्म्या लोकांनी आपापली कार्डं वेबसाइटवर करून घेतली तर खुशाल जा. नाहीतर खिडकी कोण सांभाळणार?"

बाई तडक माझ्या टेबलाशी आल्या. "विश्वास, या लग्नाला मी जाणार म्हणजे जाणार. तेव्हा तुझी वेबसाइट आता चालायलाच हवी."

"चालतेच आहे की!"

"बघू ना. रविवारी हॉलमध्ये कॉम्प्युटर लाव. मी पाच जणांना पोहे-जिलबीला बोलावते. आणि तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस."

पहिले बसले दत्तूभाऊ सोनटक्के, निवृत्त वेल्डर. वेबसाइटनं पेन्शनचा बारा आकडी नंबर मागितला. भाऊ म्हणाले, "घरी कागद असेल," आणि स्कूटर काढून अशोका गार्डनला घरी गेले. अर्ध्या तासानं आले ते विजेचं बिल घेऊन. मी जिलबी चावत बसलो. शेवटी नंबर मीच शोधून दिला, तर पत्त्याच्या रकान्यात भाऊंनी लिहिलं, 'टाइप दोन, क्वार्टर ११४'. झालं, पडद्यावर लाल अक्षरं! पत्ता जुळत नाही.

माझा तोल गेलाच. "भाऊ, क्वार्टर सोडून तुम्हाला अकरा वर्षं झाली! राहता कुठे तुम्ही?"

"राहतो अशोका गार्डनला," भाऊ शांतपणे म्हणाले. "पण माझी दोन्ही पोरं एकशे चौदात जन्मली. टाउनशिपमध्ये कुणालाही विचार बेटा, एकशे चौदावाले कोण ते."

पुढच्या चौघांनीही तेच केलं. कोटरा सुल्तानाबादला स्वतःचं घर बांधलेल्या इंदुमतीबाईंनीसुद्धा बेधडक जुनं क्वार्टर लिहिलं. मी कपाळाला हात लावला. "बाई, यांना साधा पत्ता लिहिता येत नाही!"

"पाचही जण एकाच जागी अडखळले, विश्वास. मग दगड कुठे आहे ते तू बघ," बाई म्हणाल्या. "मी खिडकीत काय विचारते? क्वार्टर कुठलं आणि रिटायर कधी झालात. तेवढ्यावर माणूस सापडतो."

मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं जाऊन बाईंच्या मागे स्टूल टाकलं. सकाळपासून दुपारपर्यंत बत्तीस माणसं आली. पेन्शनचा नंबर बाईंनी एकदाही विचारला नाही. क्वार्टर आणि साल ऐकलं, की त्यांचं बोट रजिस्टरमध्ये बरोबर त्या नावावर. मला स्वतःचीच लाज वाटली, खरंच सांगतो. सहा महिन्यांत मी एकदाही या खिडकीशी येऊन उभा राहिलो नव्हतो.

मग मी सगळं मोडलं. पहिल्या पानावर एकच प्रश्न ठेवला, 'कशासाठी आलात?' त्याखाली मोठ्या अक्षरात 'मेडिकल कार्ड'. तिथे जुनं क्वार्टर आणि निवृत्तीचं साल घालायचं, मोबाईलवर आलेला आकडा टाकायचा, की कार्ड तयार. राहता पत्ता बदलला असेल तर तो शेवटी विचारायचा, तोही अडवून न धरता. अध्यक्षांचा फोटो गायब झालेला पाहून साहेबांना घाम फुटला. बाईंनीच समजूत घातली, "साहेब, त्यांच्या संदेशाला स्वतंत्र पान दिलंय. लोक निवांत वाचतील." साहेबांना ते एकदम पटलं!

तरी दहा तारखेपर्यंत आठशेपैकी फक्त नव्वद कार्डं झाली. मी दर तासाला आकडा बघत बसलो. बाई मात्र पदर खोचून कामाला लागल्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांना बागेत गाठायच्या, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसायच्या, आणि एकेकाच्या हातात त्याचाच मोबाईल देऊन म्हणायच्या, "मी हात लावणार नाही. तुम्हीच करा." ज्याचं झालं, त्यानं शेजारच्याला शिकवायचं, हा त्यांचा नियम. दत्तूभाऊंनी तर अख्खी गल्ली शिकवली. अठरा तारखेला आकडा पाचशे बारावर गेला आणि साहेबांनी सही केली. बाई ऑफिसातून थेट दहा नंबर मार्केटला गेल्या, साडी घ्यायला.

एकवीस तारखेला चार नंबरवर मी बसलो. हो, हौसेनं! बारा वाजेपर्यंत चिटपाखरू नाही. मग दत्तूभाऊ आले.

"काय भाऊ, कार्ड अडलं का?"

"छे रे, ते तर कधीच झालं." खिडकीतून मान आत घालून त्यांनी सगळीकडे पाहिलं. "बाई खरंच गेल्या का, तेवढं बघायला आलो. मागच्या दोन्ही लग्नांना आमच्याच पायी राहिल्या ना त्या."

मी बाईंना फोन लावून भाऊंच्या हातात दिला. पलीकडे बँड वाजत होता, आणि त्यावरून बाईंचा आवाज मलाही ऐकू आला, "कोण, दत्तूभाऊ? कार्ड झालं का हो तुमचं?"

"सगळ्यांची झाली, बाई!" भाऊ ऑफिस दणाणेल असे ओरडले. "तुम्ही जेवा!"