माणसाचं पाणी

बादली भरली की बाई आधी कोपर बुडवायच्या. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बुडवतात तसं. मग डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या, "हे ढोराचं पाणी." पुन्हा गरम नळ, पुन्हा कोपर. "हां. आता झालं माणसाचं पाणी."

बाई विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या. मी तिथे मीटर घेऊन गेले होते. कोणत्या वसतिगृहात पाणी तापवायला किती वीज लागते हे मोजायचं, दरडोई आकडा काढायचा आणि त्यावरून सगळ्यांसाठी विजेचं एक माप ठरवायचं, असं आमचं काम होतं. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो. डिसेंबरातली जंगलाकडची गारठवणारी पहाट मात्र तिथे राहिलेल्यालाच कळते.

मीटर बसवताना बाई माझ्या मागे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हे काय पाह्यते वं पोरी?"

"किती वीज लागते ते."

"अन् जास्त लागली तं?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं मराठी आधीच शाळेतल्या इंग्रजीखाली दबलेलं, त्यात अनोळखी माणसासमोर शब्द घशातच राहतात. बाईंनी माझ्या गप्प बसण्याचा आपल्या परीने अर्थ लावला. मुली डोक्यावरून अंघोळ करतात, वीज उधळतात, असं ऑफिसात बोललं जायचं. गिझर कमी करा, अशी कुजबुजही होती. बाईंनी ओढणी काढली आणि मीटरवर टाकली.

"नजर लागते मेल्याची," म्हणाल्या.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. नियमाशी भांडत नाहीत, त्याच्यावर फडकं टाकतात.

आठवड्याने आकडे उतरवायला गेले. मुलांच्या वसतिगृहांचे आलेख पहाटे उंच चढलेले होते. मुलींचा आलेख मात्र जमिनीला चिकटलेला. तारा तपासल्या, मीटर उघडून पाहिलं. बिघाड नव्हता. तेवढ्यात ओल्या केसांची एक मुलगी शेजारून गेली आणि तिच्या केसांना धुराचा वास आला.

मी इमारतीच्या मागे गेले. तीन विटा, राख, काळं पडलेलं पातेलं.

"हे? पापड भाजले," बाई मागून येत म्हणाल्या. पापड भाजायला एवढं मोठं पातेलं का लागलं, हे मी विचारलं नाही. वसतिगृहाच्या आवारात चूल पेटवायला बंदी होती, आणि बाईंचं कंत्राट दरवर्षी नव्याने व्हायचं.

अहवालात मी लिहिलं, 'हा आकडा वापरू नये, पुन्हा मोजावं.' मोजणीचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही."

माप ठरवायच्या बैठकीला बाईंना बोलावणं आलं ते सगळ्यात कमी वीज लागली म्हणून सत्कारासाठी. त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. हातात गुच्छ दिला गेला, टाळ्या झाल्या. मग अध्यक्षस्थानचे साहेब म्हणाले, "मुलींचं एवढ्यात भागतं, तर हेच माप सगळ्यांना. आणि तिथले जास्तीचे गिझर उद्याच काढून अतिथिगृहाला द्या."

मी बाईंकडे पाहिलं. गुच्छाभोवतीचा कागद त्यांच्या मुठीत कुरकुरत होता. गप्प राहिल्या असत्या तर नोकरी टिकली असती. गुच्छ तर हातात होताच. बाहेर कुणीतरी चहाच्या कपांचा ट्रे आपटला आणि मी दचकले.

"साहेब," बाई उठल्या, "ते पाणी विजेवर तापलंच नाई."

"मग कशावर?"

"चुलीवर. मांगच्या अंगणात. मीच पेटवली."

"वसतिगृहात आग? लेखी बंदी असताना?"

"हो जी." बाईंनी गुच्छ टेबलावर ठेवला. "मीटरले जास्त दिसलं तं गिझर नेतीन, म्हणून बंद ठेवले. आता कमी दिसलं तरी नेऊनच राह्यले! मंग पोरींनं आंग धुवाचं कशानं?"

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "याला पुरावा काय?"

बाई माझ्याकडे वळल्या. "सांग वं पोरी. पाह्यली होती ना तू?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. सर डोळ्यांनीच नको म्हणत होते.

"हो," मी म्हणाले. "तीन विटा होत्या. राख होती." आणि पुढे म्हटलं, "तो आकडा खरा नाही."

मोजणी पुन्हा झाली. या वेळी आलेख चांगलाच चढला. माप बदललं, गिझर राहिले. बाईंचं कंत्राट मात्र पुढे झालं नाही.

जायच्या सकाळी त्यांनी किल्ल्या दिल्या, पिशवी खाली ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन शेवटची बादली तपासली. बाहेर आल्या तेव्हा एक बाही ओली होती. "बोलत जा वं जराशी," एवढंच मला म्हणाल्या आणि आपल्या गावच्या, गोंडपिपरीच्या बसमध्ये चढल्या.

त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. तो पहिला आलेख मात्र मी जपून ठेवला आहे. तुम्ही पाहिलात तर म्हणाल, मीटर बंद पडलं असेल, काहीच नोंदलेलं नाही. मला त्या सरळ रेषेत अंधारात फुंकर घालून लाकडं पेटवणाऱ्या बाई दिसतात. कोपरापर्यंत बाही सारलेली.