अर्ध्या वाक्यांची शिवीगाळ

शिव्या देणारा माणूस निदान वाक्य तरी पूर्ण करतो, अशी माझी समजूत होती.

वडशात आमच्या गल्लीत एक बाई राहतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी नायिका म्हणून उभी हयात काढली, आणि इंटरनेटवर त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं अशा एका मराठी ज्ञानकोशावर, कॉलेजातलं शिकवणं आटोपलं की मी पानं लिहीत असे. तिथे मी बाईंचं पान केलं. थोडे दिवस बरे गेले, मग कोणीतरी त्या पानावर तुटून पडलं. नाव नाही, नुसता संगणकाचा आकड्यांचा पत्ता. ‘रंगमंचावर त्या संवाद कधीही विसरल्या नाहीत’ हे माझं वाक्य तो काढून टाकायचा आणि तिथे लिहायचा, ‘ज्या घरचं मीठ खाल्लंस, त्याच घराला...’ मी पुसलं की पुन्हा, ‘कुंकवाची शपथ घेणारी तू, त्या कुंकवालाच...’ मला पुरुष समजून, निरोप ठेवायच्या माझ्या चर्चापानावरही येऊन गेला. ‘अरे दीडशहाण्या, तुला...’ एवढंच लिहून पसार! मला पुढे काय? त्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

राग आलाच. वर्गात खडू फेकून मारण्याबद्दल माझी ख्याती आहे. पण रागापेक्षा कुतूहल जास्त छळत होतं. एवढा तावातावाने येणारा माणूस दर वेळी अर्ध्यावरच का थांबतो? मी चक्क त्याची वाट बघू लागले.

आणि एकदा पूर्ण वाक्य आलं. बाईंना भूमिका कशा मिळत, याबद्दल. ते मी इथे लिहिणार नाही. ज्ञानकोशाची देखरेख करणाऱ्यांनी कळवलं, ‘सांगा, पानाला कुलूप लावतो, मग नाव नोंदवल्याशिवाय कोणाला हात लावता येणार नाही.’ मी हो म्हणणारच होते. पण अब्रू बाईंची. त्यांना न विचारता कसं करायचं, म्हणून मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेले.

बाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी चाचरत पहिलं अर्धं वाक्य वाचलं. मान वर न करता त्या कडाडल्या, “...आग लावून निघालीस, चांडाळणी!”

शेजारीण दारात आली. मी दुसरं वाचलं. “...काळिमा फासलास!” बाईंनी तेही पूर्ण केलं आणि हसायला लागल्या.

“नाटकातलं होय बाप्पा हे, माह्याच. असं अर्धं अर्धं एकच माणूस देते. आमचा प्रॉम्प्टर.”

विंगेत वही घेऊन बसायचं, नट अडला की पुढच्या वाक्याचे पहिले शब्द दबक्या आवाजात द्यायचे, उरलेलं नटाने बोलायचं. प्रेक्षकांना तो दिसत नाही आणि जाहिरातीत त्याचं नाव नसतं. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत मी लिहिलं होतं की बाई कधी विसरल्याच नाहीत.

“ते वाक्य काढ पहिले,” बाई म्हणाल्या. “सारेच विसरत. मी त जास्तच.”

मग ते पूर्ण वाक्य दाखवलं. बाईंचं हसू गेलं. “हे नाटकातलं नाई,” त्या म्हणाल्या. “हे त्याचं सोताचं होय.”

“मग कुलूप लावते.”

“थांब.” सूप बाजूला ठेवून त्या बोलू लागल्या. गोंडपिपरीला भर प्रयोगात त्या संवाद विसरल्या होत्या. विंगेकडे पाहिलं, तर आवाजच आला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पडदा पाडावा लागला. बाईंनी ती नाटक मंडळी सोडली. “त्यानं मुद्दाम केलं का काय, मले आजवर समजलं नाई. मी विचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई. पान उघडं आहे तवरच विचार त्याले.”

त्यांनी सांगितलं तसं मी पानाच्या चर्चेत लिहिलं, ‘गोंडपिपरीले मी विसरली, तवा तुमी...’

“पुढे?”

“पुढचं त्याले बोलू दे.”

एवढ्या घाणीनंतरही ‘तुमी’! मला चीड आली. तरी पुढचे दिवस दोन तासिकांच्या मधे मोबाइल उघडून पाहत होते ती मीच.

उत्तर आलं. ‘वहीचं पान उलटाचं राहून गेलं. तुमालेच पाहून राह्यलो होतो.’

खरं सांगते, मी विरघळले. जवळजवळ धावतच बाईंकडे गेले. त्यांनी ते सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं.

“म्हणजे दुष्टावा नवता,” त्या म्हणाल्या. मग मोबाइल माझ्या हातात दिला.

“एवढं सांगाले त्याले तोंड नवतं. अन् माह्यावर घाण लिवाले बोटं होते. लाव आता कुलूप.”